लांडगे आले आणि नदी बदलली. पण मोजले कोणी?

एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या विज्ञान-शिबिरासाठी आम्ही गेलो होतो. दुपारच्या सत्रात नववीच्या मुलांना परिसंस्थेचा पाठ शिकवून दाखवायचा होता. पाठ घेणाऱ्या शिक्षकांची तयारी चांगली होती. फळ्यावर गवत, हरीण, वाघ अशी अन्नसाखळी काढून झाल्यावर त्यांनी साडेचार मिनिटांची एक इंग्रजी चित्रफीत दाखविली आणि मधूनमधून थांबवून तिचा अर्थ मराठीत सांगितला. मुले अगदी रंगून गेली. चित्रफीत संपल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, नदी बदलली हे कोणी मोजलं?" सरांनी घड्याळाकडे पाहिले, "शास्त्रज्ञांनी" असे उत्तर दिले आणि स्वाध्याय लिहायला सांगितला.

उत्तर चूक होते असे नाही. पण पाठातील विज्ञान जिथे सुरू व्हायचे तिथेच ते त्या एका शब्दाने संपले, असे आम्हाला वाटले. त्या मुलीचा प्रश्न आम्ही बरोबर घेऊन आलो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

चित्रफीत काय सांगते?

चित्रफितीचे नाव 'हाउ वुल्व्ह्ज चेंज रिव्हर्स', म्हणजे 'लांडगे नद्या कशा बदलतात'. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिचे निवेदन ब्रिटिश लेखक जॉर्ज मॉनबिओ यांच्या एका भाषणातून घेतले आहे. जगभर कोट्यवधी लोकांनी ती पाहिली आहे, आणि शाळा-महाविद्यालयांत ती दाखविली जाते.

कथा घडते अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात. हे उद्यान १८७२ साली स्थापन झाले. त्या काळी लांडगा म्हणजे उपद्रवी प्राणी असा समज होता आणि सरकारी मोहिमेत तो मारला जात असे. १९२६ पर्यंत उद्यानातील लांडगे संपले. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, १९९५ आणि १९९६ या दोन हिवाळ्यांत, कॅनडातून ३१ लांडगे आणून तेथे सोडण्यात आले.

पुढे काय झाले ते चित्रफीत असे सांगते. लांडगे नव्हते तेव्हा हरणे माजली होती आणि त्यांनी झाडोरा खाऊन फस्त केला होता. (ही हरणे म्हणजे आपल्या सांबरासारखी, पण त्याहूनही थोराड अशी एल्क.) लांडगे आल्यावर काही एल्क मारले गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उरलेले एल्क भीतीने दऱ्याखोऱ्यांत जाईनासे झाले. तेथे अ‍ॅस्पेन, कॉटनवुड आणि विलो ही झाडे भराभर वाढली. (विलो म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाची भाऊबंद.) झाडे आली म्हणून पक्षी आले. बीव्हर आले, त्यांनी बांध घातले आणि त्या डोहांत मासे, बदके, बेडूक नांदू लागले. मुळांनी काठची माती धरून ठेवली, धूप थांबली, पात्रे अरुंद व स्थिर झाली. अशा रीतीने मूठभर लांडग्यांनी नदीचा भूगोल बदलला.

कथा सुंदर आहे यात शंका नाही. शिक्षकाच्या दृष्टीने तिचा गुण असा की, परिसंस्थेतील संबंध केवळ 'कोण कोणाला खातो' एवढ्यावर थांबत नाहीत हे ती साडेचार मिनिटांत मनावर ठसविते. भक्षक केवळ भक्ष्य कमी करतो असे नाही. भक्ष्याच्या वागण्यावर आणि त्यातून वनस्पतींवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. ही कल्पना पर्यावरणशास्त्रात गंभीरपणे अभ्यासली जाते.

आमचा आक्षेप कथेच्या विषयावर नाही. आक्षेप एवढाच की, जे गृहीतक म्हणून मांडायला हवे ते चित्रफीत सिद्ध झालेली गोष्ट म्हणून मांडते. आपणही वर्गात तेच करतो.

बाण म्हणजे दावा

फळ्यावर आपण दोन नावांमध्ये बाण काढतो तेव्हा एक विधान करीत असतो. 'लांडगा ते एल्क' हा बाण म्हणतो की लांडग्यांमुळे एल्क घटले किंवा घाबरले. 'एल्क ते विलो' हा बाण म्हणतो की एल्कच्या चरण्यामुळेच विलो खुरटी राहिली होती. चित्रफितीतील मुख्य साखळी सुटी केली तर निदान सहा विधाने हाती येतात : लांडग्यांमुळे एल्कची संख्या आणि वागणूक बदलली, म्हणून दऱ्यांतील चराई घटली, म्हणून झाडे वाढली, म्हणून बीव्हर आले आणि काठ मुळांनी बांधले गेले, म्हणून धूप कमी झाली, म्हणून नदीचे पात्र बदलले.

वरच्या वर्गांतील मुलांकडून येथे एक छोटे गणित करून घेता येईल. समजा, प्रत्येक विधान खरे असण्याची शक्यता ८० टक्के आहे आणि ही विधाने एकमेकांवर अवलंबून नाहीत. मग सहाही विधाने एकाच वेळी खरी असण्याची शक्यता किती? ०.८ ला स्वतःनेच सहा वेळा गुणले की उत्तर येते सुमारे ०.२६, म्हणजे चारात एक. प्रत्यक्ष निसर्गात गणित एवढे सरळ नसते. पण साखळी लांबत गेली की शेवटच्या विधानाची बाजू लंगडी होत जाते, एवढे यावरून नक्की कळते. चित्रफितीचे नाव नेमके या शेवटच्या विधानावरून ठेवलेले आहे.

त्याच वर्षांत आणखी काय घडत होते?

'लांडगे आले, मग झाडे वाढली' यातील 'मग'चे 'म्हणून' करायचे असेल तर त्या काळात दुसरे काय बदलत होते हे पाहणे भाग आहे. यलोस्टोनमध्ये बरेच काही बदलत होते.

उद्यानाच्या उत्तर भागातील एल्कची संख्या लांडगे नसताना आपोआप वाढत गेली असे नाही. उद्यानाचे कर्मचारीच कित्येक वर्षे एल्क मारून किंवा पकडून दुसरीकडे पाठवून त्यांची संख्या आटोक्यात ठेवीत होते. १९६८ नंतर हे बंद झाले आणि संख्या वाढू लागली. १९९० च्या दशकाच्या मध्यास हिवाळी मोजणीत एल्क सुमारे १९,००० भरले. २०१३ साली ते ४,००० हूनही कमी भरले. ही घट फार मोठी आहे आणि तीत लांडग्यांचा वाटा आहेच. पण त्याच काळात उद्यानाच्या सीमेबाहेर माणसे एल्कची शिकार करीत होती. १९९६-९७ चा हिवाळा अतिशय कडक गेला. नंतर काही वर्षे अवर्षणाची गेली. ग्रिझली अस्वले वाढली होती आणि ती एल्कची नवजात पिल्ले खातात. प्यूमा हा मोठा मार्जारवर्गीय शिकारीही, कोणी आणून न सोडता, आधीच परतला होता. दुसरीकडे बायसन या गव्यासारख्या प्राण्याची संख्या वाढत होती, आणि बायसनही झाडोरा खातो.

बीव्हरांचेही तसेच. उद्यानाच्या उत्तर सीमेपलीकडील जंगलात १९८० आणि १९९० च्या दशकांत वन खात्याने बीव्हर आणून सोडले होते. तेथून ते पाण्याच्या वाटेने उद्यानात पसरले. याखेरीज १९८८ साली यलोस्टोनमध्ये प्रचंड वणवा लागला होता, आणि अ‍ॅस्पेनला वणव्यानंतर मुळांपासून नवे धुमारे फुटतात.

म्हणजे एकाच वेळी आठ-दहा गोष्टी बदलत होत्या. चित्रफितीने त्यांतील एक निवडली, कारण लांडग्याची गोष्ट सांगता येते. कडक हिवाळ्याची गोष्ट तितकी रंगत नाही.

भीतीच्या बाणाचीही तपासणी झाली. एल्कच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारे पट्टे अडकवून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, एल्क धोक्याच्या जागा कायमच्या सोडून देत नाहीत. लांडगे मुख्यतः पहाटे आणि सायंकाळी शिकारीला निघतात. त्यांच्या विश्रांतीच्या वेळी एल्क त्याच जागी येऊन चरतात. त्याआधी २०१० साली मॅथ्यू कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लांडग्यांचा धोका जास्त असलेल्या जागी अ‍ॅस्पेनची रोपे खरोखर कमी खाल्ली जातात का, हे पाहिले होते. तसे आढळले नव्हते.

पाच उंच रोपांची गोष्ट

या सर्व प्रकरणातील जो भाग शाळेत शिकविण्यास सर्वात योग्य आहे, तो चित्रफितीत असणे शक्यच नव्हते, कारण तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. इलेन ब्राइस, एरिक लार्सन आणि डॅनियल मॅकनल्टी यांनी एक साधा प्रश्न विचारला : 'अ‍ॅस्पेनची रोपे वाढली' असे म्हणतात, ती मोजली कशी?

आधीच्या काही अभ्यासांत प्रत्येक झाडीतील सर्वात उंच अशी पाच रोपे निवडून त्यांची उंची मोजण्याची पद्धत होती. त्यामागे विचार होता. झाडी पुन्हा उभी राहायला लागली तर तिची पहिली चिन्हे उंच रोपांतच दिसणार. पण या तिघांनी अनेक वर्षांच्या नोंदी घेऊन अशा निवडक रोपांवरून निघणारे उत्तर आणि कोणतीही निवड न करता घेतलेल्या रोपांवरून निघणारे उत्तर शेजारी ठेवून पाहिले. उंच रोपांच्या पद्धतीने अ‍ॅस्पेनची पुनर्वाढ चार ते सात पट फुगवून दाखविली होती.

असे का झाले? एकतर, सर्वात उंच रोपे ही एल्कच्या आवडीच्या चरण्याच्या उंचीच्या वर निसटलेली असतात. म्हणजे एल्कचा त्रास ज्यांना उरलेला नाही, नेमकी तीच मोजली गेली. दुसरे म्हणजे, ज्या झाड्यांत पुनर्वाढ मुळीच होत नव्हती त्या हिशेबात आल्याच नाहीत.

शिक्षकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. एखाद्या शाळेची प्रगती त्या शाळेच्या पहिल्या पाच विद्यार्थ्यांच्या गुणांवरून ठरवली, आणि मधेच शाळा सोडून गेलेल्या मुलांचा विचारच केला नाही, तर काय होईल? फळ्यावर लिहिलेली नावे खरी असतील, गुणही खरे असतील. निष्कर्ष मात्र खोटा असेल. खऱ्या मोजमापांतून चुकीचा निष्कर्ष निघू शकतो, ही गोष्ट विद्यार्थ्याला शाळेतच कळली पाहिजे.

मात्र येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. निवड न करता मोजल्यावरही परिणाम नाहीसा झाला नाही. लांडग्यांपासून झाडांपर्यंत पोचणारा परिणाम दिसला. तो आधी सांगितला जात होता त्यापेक्षा दुबळा होता. विज्ञानात पुष्कळदा उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे न येता 'किती' असे येते. आपल्या प्रश्नपत्रिकांत मात्र 'किती'ला जागा नसते.

कुंपण आणि बांध

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे, म्हणजे नदीकडे वळू. ओढ्याकाठच्या विलोसंबंधी यलोस्टोनमध्ये २००१ साली एक प्रयोग सुरू झाला. त्याची रचना नववीच्या विद्यार्थ्यालाही समजेल अशी आहे. काही वाफ्यांना कुंपण घातले, म्हणजे तेथे एल्कना चरता येणार नाही. काही ठिकाणी बीव्हरच्या बांधासारखा कृत्रिम बांध घालून भूजलाची पातळी वर आणली. काही वाफ्यांना कुंपणही आणि बांधही. काही वाफे होते तसेच ठेवले. चार प्रकार, आणि मग वर्षानुवर्षे मोजणी.

प्रश्न असा होता : विलो खुरटी राहते ती एल्क खातात म्हणून, की पाणी खोल गेले म्हणून? क्रिस्टिन मार्शल, टॉम हॉब्ज आणि डेव्हिड कूपर यांनी दहा वर्षांचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. कुंपण आणि बांध या दोन्ही गोष्टी जेथे होत्या तेथे विलो जोमाने वाढली. केवळ चराई थांबवून काम भागले नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बीव्हर विलो खातो आणि तिच्याच फांद्यांनी बांध घालतो. बांधामुळे पाणी तुंबते, आजूबाजूच्या जमिनीत मुरते, आणि त्या ओलीवर विलो वाढते. म्हणजे बीव्हरला विलो हवी आणि विलोला बीव्हर हवा. लांडग्यांविना गेलेल्या दशकांत एल्कनी विलो खाल्ली, बीव्हर निघून गेले, बांध फुटले, ओढ्यांनी आपले तळ खोल कापले आणि काठची जमीन कोरडी पडली. आता एल्क कमी झाले तरी विलोला पाणी नाही. विलो नाही म्हणून बीव्हर येत नाही. आणि बीव्हर नाही म्हणून पाणी वर येत नाही. परिसंस्था एका अवस्थेतून दुसरीत गेली, आणि परतीची वाट तीच राहिली नाही. हा प्रयोग पुढेही चालू ठेवला गेला. वीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेला निबंध २०२४ साली आला. त्याचाही सूर असाच आहे की, मोठे भक्षक परत आल्याने ही परिसंस्था पूर्वस्थितीला आली असे म्हणता येत नाही.

सर्व तज्ज्ञांचे यावर एकमत आहे असे नाही. विल्यम रिपल आणि रॉबर्ट बेश्टा यांनी लांडग्यांच्या परिणामाविषयी महत्त्वाचे संशोधन केले आहे, आणि परिणाम जोरदार आहे असे त्यांचे प्रतिपादन राहिले आहे. २०२५ सालीही या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी लेखन झाले. तेव्हा त्या मुलीला द्यायचे प्रामाणिक उत्तर असे : मोजले पुष्कळांनी. काही ठिकाणी झाडे वाढली आहेत. पण लहान ओढ्यांवर जेथे मुद्दाम प्रयोग केला, तेथे केवळ चराई थांबल्याने ओढा पूर्वीसारखा झालेला दिसत नाही. आणि कशामुळे किती बदल झाला यावर अभ्यासक अजून भांडत आहेत.

चित्रफितीच्या कर्त्यांना २०२२ चा निबंध ठाऊक असणे शक्य नव्हते, हे मान्य. पण २०१० आणि २०१३ चे निबंध ती तयार होण्यापूर्वीच छापून आले होते. निवेदनात एखादे 'कदाचित', एखादे 'काहींच्या मते' सहज बसले असते. ते नाही, हा या कृतीचा मोठा दोष आहे असे आम्ही समजतो.

त्याहूनही मोठा दोष दुसरा आहे. लांडगे आणून सोडले की सत्तर वर्षांचे नुकसान भरून निघते, असे चित्रफितीवरून वाटते. म्हणजे निसर्गातून काही काढून टाकले तरी बिघडत नाही. पुढे कधीतरी परत आणून ठेवता येईल! कुंपण-बांधाचा प्रयोग याच्या अगदी उलट सांगतो. मोडणे सोपे, जोडणे अवघड; आणि काही वेळा मोडलेली वस्तू परत आणून ठेवल्यानेही जोडले जात नाही. मुलांना संरक्षणाचा धडा द्यायचाच असेल तर तो हा द्यावा.

भरतपूरच्या म्हशी

हा सारा वाद दूरच्या देशातील, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या देशातील एक उदाहरण सांगतो.

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान सुमारे २९ चौरस किलोमीटरचे आहे. तेथील पाणथळ भाग बराचसा मनुष्यनिर्मित; भरतपूरच्या संस्थानिकांनी बांध घालून, कालव्याने पाणी आणून तो बदकांच्या शिकारीसाठी राखला होता. आसपासच्या गावांच्या म्हशी तेथे पिढ्यान्‌पिढ्या चरत. पुढे ही जागा राष्ट्रीय उद्यान झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली.

बंदीमागची साखळी फळ्यावर काढली तर कोणालाही पटेल : म्हशी वनस्पती खातात, पाणी ढवळतात, म्हणून पक्ष्यांचा निवारा जातो, म्हशी गेल्या की पक्षी वाढतील. मोठमोठ्या पक्षितज्ज्ञांनाही ती पटली होती.

सुदैवाने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० सालीच, म्हणजे बंदीच्या दोन वर्षे आधी, तेथे दीर्घ अभ्यास सुरू केला होता. डॉ. वि. स. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तो दहा वर्षे चालला. त्यात जे दिसले ते अपेक्षेच्या उलट होते. म्हशी गेल्यावर पॅस्पॅलम नावाचे पाणगवत उथळ पाण्यावर बेसुमार पसरले. उघडे पाणी कमी झाले, आणि पुष्कळ पाणपक्ष्यांना ते मानवले नाही. ते गवत आटोक्यात ठेवण्याचे काम इतकी वर्षे म्हशी करीत होत्या! साखळीतील एक बाण राहूनच गेला होता. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेऊ देण्याची पाळी आली.

येथे विद्यार्थ्यांचे लक्ष १९८० या सालाकडे वेधावे. अभ्यास बंदीनंतर सुरू झाला असता तर 'आधी' काय होते हे कोणालाच सांगता आले नसते, आणि गवत वाढल्याचा दोष दुसऱ्या कशावर तरी गेला असता. काही बदल करण्यापूर्वी मोजून ठेवावे, हा शास्त्रीय पद्धतीचा नियम कोरडा वाटतो खरा. पण भरतपुरात तो पाळला गेला म्हणूनच चूक कळली. आणि न तपासलेल्या बाणाची किंमत तेथे माणसांनी दिली होती.

मग वर्गात काय करावे?

चित्रफीत दाखवू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. अवश्य दाखवावी, पण पाठाच्या शेवटी टाळ्यांसाठी न दाखविता सुरुवातीला, तपासणीसाठी दाखवावी. पाहून झाल्यावर मुलांना त्यातील बाण वहीत काढू द्यावेत आणि प्रत्येक बाणापुढे तीन प्रश्न लिहायला सांगावेत : काय मोजले असेल? कशाशी तुलना केली असेल? याचे दुसरे कोणते कारण असू शकेल? तिसऱ्या प्रश्नाला शेतकऱ्यांची मुले फार चांगली उत्तरे देतात असा आमचा अनुभव आहे. पीक बुडाले तर त्याला एकच कारण नसते, हे त्यांनी घरीच पाहिलेले असते.

पाच उंच रोपांचा प्रयोग वर्गातच होतो. त्याला मोजपट्टीखेरीज काही लागत नाही. साऱ्या वर्गाच्या उंचीची सरासरी काढावी. मग सर्वात उंच पाच जणांची काढावी. मग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच जणांची काढावी. हे चार-पाच वेळा करावे. चिठ्ठ्यांची सरासरी कधी थोडी जास्त येईल, कधी थोडी कमी. उंच पाच जणांची मात्र प्रत्येक वेळी जास्तच येईल. या दोन प्रकारच्या चुकांतील फरक मुलांच्या आपोआप लक्षात येतो.

तिसरा प्रयोग पावसाळ्याचा. शाळेच्या मैदानाच्या कडेला, जेथे शेळ्या-गुरे चरतात तेथे, एक मीटर लांबी-रुंदीचे सहा चौकोन आखावेत. प्रत्येकात किती प्रकारच्या वनस्पती आहेत आणि गवताची उंची किती, हे आधी लिहून ठेवावे. मग चिठ्ठ्या टाकून तीन चौकोन निवडावेत आणि त्यांना बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांचे कुंपण घालावे. चांगले दिसणारे चौकोन निवडण्याचा मोह मुलांना होईल. तो का टाळायचा हे त्यांनाच सांगू द्यावे. दर आठवड्याला, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, मोजणी करावी. वनस्पतींची नावे येत नसतील तर 'लांब पानाचे गवत', 'पिवळ्या फुलाचे रोप' एवढेही पुरते.

काय दिसेल? ते आम्ही आधी सांगणार नाही. प्रत्येक शाळेत ते वेगळे असेल. कुंपणातील गवत वाढेल अशी सर्वांची अपेक्षा असते. पण उंच गवताच्या सावलीत बुटक्या वनस्पतींचे काय होते, हे पाहावे. कुंपणाबाहेर गुरे ज्याला तोंड लावीत नाहीत तो टाकळा किती माजतो, हेही पाहावे. 'चराई वाईट की चांगली' असा प्रश्न घेऊन गेलेली मुले 'कोणत्या वनस्पतीला आणि किती चराई' असा प्रश्न घेऊन परत आली, तर पाठ साधला असे समजावे. आणि एखाद्या रात्री कोणी कुंपणाच्या काट्या सरपणासाठी उचलून नेल्या तर तेही तारखेसह नोंदवून ठेवावे. यलोस्टोनमध्येही सारे काही ठरल्यासारखे घडले नव्हते.

एक शंका

मुलांना इतक्या शंका घ्यायला शिकविले तर त्यांच्या मनात निसर्गाविषयी प्रेम कसे निर्माण होणार, असे एका शिक्षिकेने आम्हाला विचारले. शंका रास्त आहे. पर्यावरणाचा विषय आपल्याकडे बराचसा उपदेशाच्या सुरात शिकविला जातो. 'साखळीतील एक कडी काढली की सारी साखळी कोसळते', 'निसर्गाचा समतोल राखा' ही वाक्ये मुले पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. हेतू चांगला असतो. पण कोणती कडी काढली असता काय होते, हे आकृतीवरून कळत नाही. ते त्या-त्या ठिकाणी जाऊन पाहावे लागते.

शिवाय दुसऱ्याच्या सुंदर गोष्टीवर उभे केलेले प्रेम टिकाऊ नसते. लांडगा वाचवायचा तो नदी सुधारतो म्हणून, असे आपण शिकविले आणि उद्या नदी सुधारली नाही असे ठरले, तर लांडग्याची बाजू आपणच पाडली असे होईल. आपल्या माळरानांवरही लांडगा आहे, आणि तेथील मेंढपाळाला तो नदी वळविणारा जादूगार म्हणून ठाऊक नाही. रात्री वाड्यावरून मेंढरू उचलणारा म्हणून ठाऊक आहे. त्या मेंढपाळाच्या मुलाशी बोलायचे तर जादूची गोष्ट कामाची नाही. किती मेंढरे गेली, कोणत्या महिन्यात, कुत्री असताना किती, नसताना किती, असे बोलावे लागेल. त्यातून जे प्रेम किंवा निदान जी समजूत निर्माण होईल ती आपल्या पायावर उभी असेल.

शिबिर संपल्यावर आम्ही त्या मुलीला शोधले, पण तिची एस्‌टी निघून गेली होती. तिच्यासारखा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात वर्षातून एकदा तरी कोणीतरी विचारते. त्या वेळी तास संपत आलेला असतो आणि अभ्यासक्रम मागे पडलेला असतो. तरीही आमची विनंती अशी की, त्या दिवशी स्वाध्याय राहू द्यावा, आणि "मोजलं कोणी, ते मलाही ठाऊक नाही, आपण शोधू या" असे म्हणून फळ्यावर पहिला बाण काढावा.